विषय बदलू पाहणारा विद्यार्थी आणि त्याची परतीची वाट

दिवाळीच्या सुट्टीत जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील गावांमध्ये पुण्याला शिकणारी मुले परत येतात. एस.टी. मंचरला किंवा नारायणगावला सोडते. तेथून दुसऱ्या गाडीने घोड, मीना आणि कुकडीच्या खोऱ्यांतील वाड्यावस्त्या गाठल्या जातात. पश्चिमेकडे भातकापणी चाललेली असते. मुले कापणीला हात लावतात, फराळ होतो, आणि एखाद्या रात्री जेवणे आटोपल्यावर एखादा मुलगा दबक्या आवाजात सांगतो की घेतलेला विषय आपल्याला जमत नाही, आवडतही नाही. कॉलेज बदलावे असे वाटते. घर एकदम शांत होते. वडिलांना प्रवेशाच्या वेळी उसने आणलेले पैसे आठवतात, आईला शेजारपाजारच्या जिभा आठवतात, आणि घरात चार बुके शिकलेला जो चुलता असतो तो 'धरसोड' या एका शब्दात निकाल देऊन टाकतो. 'आता घेतलंय ते पुरं कर' असे ठरते आणि मुलगा परत जातो. अशांपैकी काही जण रडतखडत पदवी मिळवतात, काहींच्या मागे पहिल्याच वर्षी नापास विषयांचे शेपूट लागते, आणि काही पुढल्या दिवाळीला येतात ते परत न जाण्यासाठीच.

हा प्रसंग घराच्या चार भिंतींत घडतो, म्हणून तो खाजगी समजला जातो. गावातील कार्यकर्त्याकडे रेशनकार्डाची, वनहक्काच्या दाव्याची, हिरड्याच्या भावाची तक्रार येते. मुलाचा विषय चुकला ही तक्रार कोणी घेऊन येत नाही. परंतु ज्या प्रश्नाची मुळे प्रवाससोयीत, वसतिगृहात, शिष्यवृत्तीच्या नियमात आणि शिक्षणाच्या माध्यमात पसरलेली आहेत तो प्रश्न खाजगी कसा? त्याच्याकडे सामाजिक प्रश्न म्हणून पाहिले पाहिजे.

मुळात या भागातला विद्यार्थी विषय निवडतो कसा, हे आधी ध्यानात घ्यावे. जुन्नरला १९७० साली महाविद्यालय सुरू झाले. आज ओतूर, नारायणगाव, घोडेगाव येथेही महाविद्यालये आहेत. मंचरला कर्मवीर भाऊराव पाटलांनी स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेचे महाविद्यालय आहे. अवसरी खुर्दला २००९ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय चालते. एका पिढीपूर्वी ज्या घरांतून कोणी मॅट्रिकच्या पुढे गेले नव्हते, त्या घरांतील मुली आज पदवीच्या वर्गात बसतात, ही मोठीच मिळकत आहे आणि ती कमी लेखण्याचे कारण नाही. पण महाविद्यालय जवळ आले म्हणजे निवडही जवळ आली असे होत नाही. कोणत्या गावाहून सकाळची गाडी वेळेवर मिळते, कोणत्या शाखेची फी झेपते, बरोबरीचा मित्र कोठे जातो, बारावीच्या वर्गशिक्षकांनी सहज काय सुचवले, यांवर विषय ठरतो. बारावीला बरे गुण पडले की विज्ञान, मध्यम पडले की वाणिज्य आणि उरलेल्यांनी कला, ही उतरंड गावोगाव पाठ झालेली आहे. आवड नावाची गोष्ट या हिशेबात शेवटी येते.

नारायणगावजवळ खोडदला रेडिओ दुर्बिणींचा जगप्रसिद्ध प्रकल्प आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना त्या परिसरात उभ्या आहेत आणि जगभरचे संशोधक त्यांच्यावर काम करण्यासाठी वेळ मागून घेतात. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनाला शाळा-महाविद्यालयांची मुले तेथे गर्दी करतात. त्या पांढऱ्या तबकड्या रोज बांधावरून पाहणाऱ्या मुलाला भौतिकशास्त्राचा पदवीधर पुढे नेमके काय करतो, त्याला किती वर्षे शिकावे लागते आणि कोठे काम मिळते, हे मात्र घरात वा गावात कोणी सांगू शकत नाही. ज्याने विषय कधी जवळून पाहिला नाही त्याने तो अठराव्या वर्षी बिनचूक निवडावा आणि निवडल्यावर त्याविषयी शंका घेऊ नये, ही अपेक्षा न्यायाची नाही.

शंका आली म्हणजे विषय चुकलाच, असेही मानू नये. येथे विद्यार्थ्याने आणि त्याच्या हितचिंतकांनी थोडे थांबून विचार करण्याची गरज आहे. दहावी-बारावीपर्यंत मराठीतून शिकलेला मुलगा पुण्याच्या वर्गात बसतो तेव्हा पहिले सहा महिने त्याला रसायनशास्त्राशी झगडावे लागत नाही, इंग्रजीशी झगडावे लागते. प्राध्यापकाचे वाक्य कळेपर्यंत पुढचे वाक्य निघून गेलेले असते. खोलीत चार जण, खानावळीचे बिल थकलेले, वर्गात बोलायला कोणी नाही, अशा अवस्थेत कोणताही विषय नकोसा होईल. हा नकोसेपणा विषयाचा नसून परिस्थितीचा असतो, आणि विषय बदलल्याने तो जात नाही. नव्या महाविद्यालयात तो पाठोपाठ येतो. उलट काही मुलांच्या बाबतीत भाषा सुधारते, गुणही बरे पडतात, तरी मन मात्र दुसरीकडेच असते. वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी ग्रंथालयात इतिहासाच्या कपाटापाशी सापडतो. यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला सुट्टीत गावच्या शाळेत शिकवताना वेळेचे भान राहत नाही. ही दुसरी शंका खरी शंका होय. पहिलीवर इलाज आहे तो आधाराचा, दुसरीवर इलाज आहे तो बदलाचा. दोन्हींना एकच औषध देणारा वैद्य जसा धोकादायक, तसाच दोन्हींना 'पुरं कर' म्हणणारा चुलताही.

'धरसोड' हा शब्द कोणाच्या वाट्याला येतो, हेही पाहण्यासारखे आहे. पुण्या-मुंबईच्या सुखवस्तू घरातील मुलगा अभियांत्रिकीचे एक वर्ष करून अर्थशास्त्राकडे वळला, तर त्याने स्वतःचा शोध घेतला असे म्हणतात. कुकडीच्या खोऱ्यातील शेतकऱ्याच्या मुलाने तेच केले की तो वाया गेला. एकाच कृतीला दोन नावे मिळतात, कारण एकाच्या पाठीशी वर्ष फुकट घालवण्याइतका पैसा असतो आणि दुसऱ्याच्या पाठीशी नसतो. म्हणजे चंचलपणा हा स्वभावाचा दोष राहत नाही. तो न परवडणाऱ्या माणसावर लादलेला आरोप ठरतो.

ज्यांच्या चारित्र्याविषयी समाजवादी चळवळीत दुमत नाही अशा माणसांच्या विद्यार्थिदशा या दृष्टीने पाहाव्यात. जयप्रकाश नारायण पाटण्याच्या महाविद्यालयात विज्ञान शिकत होते. १९२१ साली असहकाराच्या हाकेला ओ देऊन परीक्षा तोंडावर असताना त्यांनी ते महाविद्यालय सोडले आणि पुढे बिहार विद्यापीठातून परीक्षा दिली. १९२२ साली ते अमेरिकेला निघाले. बर्कलेच्या विद्यापीठात त्यांनी विज्ञान घेतले. तेथील फी वाढली तेव्हा ती परवडेना म्हणून ते आयोवाला गेले, तेथून विस्कॉन्सिनला आणि शेवटी ओहायोला. मळ्यांत फळे वेचून आणि उपाहारगृहांत भांडी घासून त्यांनी शिक्षणाचा खर्च भागवला. विस्कॉन्सिनला मार्क्सच्या विचारांचा परिचय झाला आणि विज्ञानाचा हा विद्यार्थी समाजशास्त्राकडे वळला. १९२९ साली ओहायोतून तो त्या विषयाचा एम.ए. होऊन भारतात परतला. आजच्या एखाद्या प्रवेश-लिपिकाने हा कागद पाहिला असता तर 'विद्यार्थी अस्थिर' असा शेरा मारून तो बाजूला ठेवला असता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनाही १९१७ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले होते. ते अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी १९२० साली त्यांना पुन्हा लंडनला जाता आले, कारण विद्यापीठाने परतीचे दार उघडे ठेवले होते. प्रतिभा त्यांची होती. पण दार बंद असते तर प्रतिभेलाही बाहेरच उभे राहावे लागले असते. गावातील मुलाला या थोर उदाहरणांशी तोलायचे नाही. दार उघडे असण्याचे मोल काय असते, एवढेच त्यांतून शिकायचे आहे.

आता हे दार कायद्याने उघडले आहे, असे सांगण्यात येते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ साली श्रेयांकांची बँक स्थापन करण्याचे नियम केले आणि डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमाचा नवा आराखडा दिला. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून तो लागू झाला. मिळवलेले श्रेयांक विद्यार्थ्याच्या खात्यावर जमा राहतील आणि दुसऱ्या महाविद्यालयात ते नेता येतील. एका वर्षानंतर बाहेर पडल्यास प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका मिळेल. बाहेर पडलेल्याला तीन वर्षांच्या आत परत येता येईल आणि सात वर्षांत पदवी पुरी करता येईल. पहिल्या वर्षाच्या शेवटी मुख्य विषयही बदलता येईल, अशी त्याची योजना आहे. कल्पना म्हणून यात स्वागतार्ह पुष्कळ आहे. एकदा घेतलेला विषय म्हणजे जन्माची गाठ, ही समजूत निदान कागदावर तरी सुटली.

कागद बारकाईने वाचला म्हणजे मात्र गाठ कोठे राहिली ते दिसते. विषय बदलू इच्छिणाऱ्यांसाठी मंजूर संख्येच्या दहा टक्के जादा जागा संस्थांनी निर्माण कराव्यात, असे आराखडा सुचवतो. परंतु त्या जागांवर अग्रक्रम मिळतो तो पहिल्या वर्षात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याला आणि ज्याचा एकही विषय राहिलेला नाही त्याला. ज्याचा विषय खरोखर चुकला आहे त्याला त्याच विषयात उत्तम गुण कसे पडावेत? बदल ज्याला अत्यावश्यक, तोच रांगेत शेवटी उभा राहतो. शिवाय हा बदल त्याच व्यापक विद्याशाखेच्या आत करायचा आहे. रसायनशास्त्राकडून भौतिकशास्त्राकडे जाता येईल. विज्ञानाकडून इतिहासाकडे जाऊ पाहणाऱ्याला ही वाट नाही. आणि एका वर्षानंतर मिळणाऱ्या प्रमाणपत्राचे काय करायचे? गरीब घरच्या मुलाच्या हाती ते पडले की परतीच्या तिकिटाचे काम न करता ते निरोपाच्या नारळाचे काम करील, ही भीती अनाठायी नाही. तीन वर्षांत परत येण्याची मुभा त्याला असेल. परत येण्याचा खर्च कोण देणार याविषयी आराखडा मौन पाळतो.

याहून मोठी अडचण शिष्यवृत्तीच्या नियमांत आहे. अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची जी नियमावली २०१० साली लागू झाली, तिच्यात स्पष्ट म्हटले होते की राज्य सरकारची पूर्वपरवानगी न घेता विद्यार्थ्याने विषय किंवा शिक्षणसंस्था बदलली तर शिष्यवृत्ती रद्द होऊ शकते आणि दिलेली रक्कमही वसूल केली जाऊ शकते. सार्वजनिक पैशाचा हिशेब राहावा हा हेतू गैर नाही. पण या नियमाचा अर्थ असा होतो की ज्याला बदल सर्वांत महाग पडतो त्याच्यावरच बदलाचा दंड बसतो. स्वतःच्या पैशाने शिकणाऱ्याला कोणाचीही पूर्वपरवानगी लागत नाही.

समजा, आहुपे किंवा भीमाशंकरच्या बाजूची महादेव कोळी समाजाची एक मुलगी पुण्याला विज्ञान शाखेत शिकते आहे. आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहात तिची राहण्याची सोय झाली आहे, किंवा वसतिगृहात जागा न मिळाल्यामुळे जेवण-निवासासाठी स्वयम् योजनेचे पैसे तिच्या खात्यावर येतात. वर्षाअखेरीस तिच्या ध्यानात येते की आपले मन भूगोलात आहे आणि तो विषय गावाजवळच्या महाविद्यालयात चांगला शिकवला जातो. निर्णय साधा दिसतो. प्रत्यक्षात तिला जुन्या महाविद्यालयातून टी.सी. काढावी लागेल, राहिलेली फी भरल्याशिवाय ती मिळणार नाही. नव्या ठिकाणी प्रवेशाची मुदत टळलेली असेल. शिष्यवृत्तीचा अर्ज नव्याने भरावा लागेल. पुण्याच्या वसतिगृहातील खाट सुटेल आणि नवीन ठिकाणच्या खाटेची शाश्वती नसेल. मध्ये वर्ष गेले तर खंडाचे प्रतिज्ञापत्र करण्यासाठी तहसील कचेरीत खेटे घालावे लागतील. एक धागा ओढला की सगळे वस्त्र उसवते. वसतिगृहाच्या जेवणाऐवजी खात्यावर पैसे देण्याचा निर्णय झाला तेव्हा २०१८ च्या जुलैमध्ये आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले होते. याच दोन तालुक्यांतून जाणाऱ्या रस्त्याने ते चालत गेले आणि पुढे त्यांना अडवण्यात आले. ताटातल्या अन्नाचा आणि खोलीतल्या खाटेचा शिक्षणाशी काय संबंध असतो, हे त्या मुलांनी पायांनी सांगितले होते.

या मुलीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. मुलाचे एक वर्ष गेले तर घरात बोलणी होतात. मुलीचे एक वर्ष गेले तर स्थळे येऊ लागतात. 'वर्षभर घरी आहे' हे वाक्य मध्यस्थांच्या कानावर लवकर पोचते. म्हणून विषय चुकला आहे हे ठाऊक असूनही कित्येक मुली तोंड मिटून तोच विषय रेटतात. त्यांचे मौन हा समंजसपणा समजून त्याचे कौतुक करणाऱ्यांनी त्या मौनाची किंमत एकदा मोजावी.

दुसरी बाजू दुर्लक्षिण्यासारखी नाही. वडिलांचा विरोध नेहमी अडाणीपणातून येतो असे समजणे हा शिकलेल्यांचा उद्धटपणा होईल. पूर्वेकडच्या बागायती पट्ट्यातही टोमॅटोचा भाव पडला की त्या वर्षीची फी अडते. पश्चिमेकडे तर हिरड्याच्या आणि भाताच्या उत्पन्नावर सगळा संसार. थोरल्याचे एक वर्ष वाढले की धाकटीची पाळी एक वर्ष पुढे जाते. 'पुरं कर' म्हणणारा बाप मुलाच्या आवडीचा शत्रू नसतो. त्याच्यापुढे दुसऱ्या मुलाच्या ताटाचा हिशेब असतो. त्या हिशेबाला उत्तर देता आले तरच बदलाचा सल्ला देण्याचा अधिकार पोचतो.

सार्वजनिक पैसा वाया जातो, हा आक्षेपही घेतला जातो. त्याला उत्तर सोपे आहे. पहिल्या वर्षानंतर योग्य विषयाकडे वळलेल्या विद्यार्थ्यावर एका वर्षाचा जादा खर्च होतो. नको असलेल्या विषयात तीन वर्षे काढून शेवटी नापास झालेल्या किंवा पदवी खिशात घेऊन त्या विषयाकडे पुन्हा न पाहणाऱ्या विद्यार्थ्यावर तिन्ही वर्षांचा खर्च वाया जातो, आणि त्याबरोबर त्याचा आत्मविश्वासही. काटकसर कशात आहे हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

तेव्हा शंका आलेल्या विद्यार्थ्याने काय करावे? वर्ष चालू असताना रागाच्या भरात नाव काढू नये. हाती असलेले सत्र नेटाने पुरे करून श्रेयांक पदरात पाडून घ्यावेत. पुढे कोठेही गेले तरी तेवढी शिदोरी राहते. आपल्याला विषय खुपतो आहे की भाषा, एकटेपणा आणि उपासमार, हे निकट मित्रापाशी वा चांगल्या शिक्षकापाशी मोकळेपणाने बोलून ठरवावे. हवासा वाटणारा विषयही दुरून पाहू नये. त्याच्या वर्गात चार दिवस बसावे, त्याची क्रमिक पुस्तके वाचावीत, आणि त्या विषयाचा पदवीधर आज काय करतो ते जाऊन पाहावे. महाविद्यालय न बदलता विषय बदलता येत असेल तर ती वाट आधी चाचपावी, कारण खाट आणि पास टिकतात. शिष्यवृत्ती असेल तर लेखी परवानगी हाती पडल्याशिवाय टी.सी.ला हात लावू नये. इतके करूनही मन त्याच दिशेला ओढत असेल तर त्याने बदल करावा, आणि त्याबद्दल कोणापुढेही मान खाली घालू नये.

परंतु हा सल्ला देऊन मोकळे होणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला पाण्याची खोली सांगून काठावर उभे राहणे होय. मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. पदवीच्या काळात एकदा विषय किंवा महाविद्यालय बदलण्याचा हक्क शिष्यवृत्तीधारकाला परवानगीविना मिळावा आणि वाढलेल्या एका वर्षाची शिष्यवृत्ती त्याला मिळावी. वसतिगृहाची जागा अभ्यासक्रमाला न जोडता विद्यार्थ्याला जोडावी, म्हणजे पुण्याची खाट सुटली तर घोडेगावची वा जुन्नरची मिळेल. विषयबदलाच्या जागांवर गुणांइतकेच आर्थिक आणि सामाजिक स्थितीला वजन असावे. थकलेल्या फीसाठी कोणाचीही कागदपत्रे अडवली जाऊ नयेत. आणि तालुक्यांच्या महाविद्यालयांतील शिक्षकांच्या रिकाम्या जागा भराव्यात; शिक्षकच नसेल तर विद्यार्थ्याला विषय आवडला नाही की विषय भेटलाच नाही, हे ठरणार कसे?

या मागण्या मान्य होईपर्यंत कार्यकर्त्यांना हात बांधून बसण्याचे कारण नाही. जुन्नर, नारायणगाव, मंचर आणि घोडेगाव येथे प्रवेशाच्या दिवसांत आणि दिवाळीच्या सुट्टीत एकेक टेबल मांडून बसता येईल. तेथे निरनिराळे विषय शिकलेले याच तालुक्यांतील चार पदवीधर असावेत, शिष्यवृत्तीचे नियम माहीत असलेला एक जण असावा, आणि वडिलांशी त्यांच्या भाषेत बोलणारे एखादे वडीलधारे माणूस असावे. याला निधी लागत नाही, सवड लागते.

स्वातंत्र्यचळवळीत आणि समाजवादी चळवळीत आयुष्य वेचलेले एस. एम. जोशी १९०४ साली जुन्नरला जन्मले. परदेशी कापडाच्या ट्रकपुढे १९३० साली प्राण देणारे हुतात्मा बाबू गेनू आंबेगाव तालुक्यातील म्हाळुंगे पडवळचे. अशा तालुक्यांतील मुलाला घरच्या अंगणात 'माझा विषय चुकला' एवढे म्हणण्याचेही धैर्य होऊ नये, हे शोभणारे नाही. येत्या दिवाळीत भाताच्या खळ्यावर एखादा मुलगा असे काही बोलू लागला, तर चुलत्याच्या आधी कार्यकर्त्याने त्याचे सगळे ऐकून घ्यावे.